सापाच्या मादीची निगा (बंदिस्त प्रजननातील)

बंदिवासात मीलनाआधीपासून, अंडी घालून किंवा पिल्ले देऊन मादीचे अंग पुन्हा भरेपर्यंत तिची घेतली जाणारी काळजी. भारतीय सापांना वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ चे संरक्षण असल्याने ते घरी पाळता वा वाढवता येत नाहीत. सांगली-साताऱ्यात हा प्रसंग येतो तो मुख्यतः सर्पमित्रांनी विहिरीतून, घरातून किंवा उसाच्या फडातून सोडवलेली मादी अंड्यावर आलेली निघते तेव्हा.

बत्तीस शिराळ्यात नागपंचमीसाठी नाग धरून मडक्यात ठेवण्याची चाल होती. नागीण साधारण एप्रिल ते जुलैमध्ये १२ ते ३० अंडी घालते आणि त्यांच्याजवळच थांबते. श्रावणाआधीची धरपकड नेमकी तिच्या या दिवसांत येई.

मादीची तब्येत बरीचशी मीलनाआधीच ठरते. अंड्यातला बलक तिने साठवलेल्या चरबीतून तयार होतो आणि पोट अंड्यांनी भरत आले की बऱ्याच माद्या खाणे सोडतात. म्हणून अशक्त मादी नराजवळ सोडू नये. फार लठ्ठही नको, कारण तिला अंडी बाहेर ढकलणे जड जाते. अख्खा उंदीर गिळणाऱ्या सापाला कॅल्शियम हाडांतूनच मिळते. निरोगी मादीला वेगळी पूड सहसा लागत नाही.

सर्वांत मोठा धोका अंडी अडकण्याचा. शरीरात पाणी कमी पडणे, ऊब अपुरी असणे, स्नायू ढिले पडणे, अंडवाहिनीला संसर्ग होणे, अंडे वाजवीपेक्षा मोठे असणे ही त्याची कारणे. आणखी एक कारण साधे असूनही हमखास दुर्लक्षिले जाते: मनाजोगी जागा नसली की मादी अंडी धरून ठेवते. ओलसर शेवाळ किंवा कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) भरलेले, अंधारे, अंग चिकटून बसेल एवढे खोके आधीच ठेवावे. मादीला ठेवलेल्या पेटीची एक बाजू उबदार, दुसरी थंड असावी. कुठे बसायचे ते तिचे तिला कळते. काही अंडी घालून ती थांबली आणि पोटात फुगवटा उरला, तर पोट चोळून अंडे सरकवायचा मोह आवरावा. त्यात अंडवाहिनी फाटू शकते. एक्स-रे आणि पशुवैद्य हाच मार्ग. वेळप्रसंगी शस्त्रक्रियाही करावी लागते.

घोणस अंडी घालत नाही, थेट पिल्ले देते, बहुधा २० ते ४०. तिचा गर्भकाळ सहा महिन्यांहून अधिक असल्याने ऊसतोडीत उघडी पडलेली घोणस पोटुशी असू शकते. तिला चिमट्याने मधोमध आवळू नये.

अजगराची मादी अंड्यांना वेटोळे घालून स्नायूंच्या थरथरीने ऊब देते आणि तेवढे दिवस उपाशी राहते. तिची अंडी काढून यंत्रात उबवली तर ती लवकर खाऊ लागते. अंडी हलवताना वरची बाजू वरच ठेवावी. पुढे मादीला आधी पाणी द्यावे, मग थोड्या थोड्या दिवसांनी लहान भक्ष्य. वजन पूर्ववत झाल्याशिवाय तिला पुन्हा नराजवळ सोडू नये, मग त्यात एखादा हंगाम गेला तरी चालेल. सोडवून आणलेली मादी मात्र सावरताच वनविभागाला कळवून, सापडली त्याच परिसरात सोडायची असते.