औषध मारलंय, तिकडं जाऊ नका

आमच्या सांगलीत फवारणी कोण म्हणत नाही, औषध मारणं म्हणतात. द्राक्षाला औषध, उसातल्या तणाला औषध, गटारीतल्या डासांना औषध आणि ओपन स्पेसमधल्या गवताला पण औषधच. शेतातल्या औषधावर लोक भरपूर बोलतात, पण बागा, रस्त्याच्या कडा, नाल्याचे काठ असल्या सरकारी जागेवर पंप कुठनं आला हे कोण विचारत नाही, म्हणून हे थोडं मागचं.

सुरुवात डासांपासनं झाली. १९५३ ला देशात मलेरिया नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला आणि घरोघरी भिंतीवर डीडीटी मारायला लागले. मलेरिया खरंच उतरला, त्यामुळं पंपवाला सरकारी माणूस आला म्हणजे आपल्या भल्यासाठीच आला हे जुन्या लोकांच्या डोक्यात पक्कं बसलं, आणि त्यात त्यांची चूक पण नाही. पुढं १९८९ ला शेतीत डीडीटी बंद झालं, डासांसाठी मात्र ठेवलं. बीएचसी, म्हणजे आपली गॅमॅक्झिन पावडर, १९९७ ला बंद झाली.

मग गवत. गाजरगवत भारतात पहिल्यांदा नजरेत आलं ते १९५५ ला, पुण्यात. पीएल-४८०, म्हणजे अमेरिकेच्या धान्य मदतीच्या कायद्याखाली आलेल्या गव्हातनं आलं असं सगळे सांगतात, पण भारताचा तो करार १९५६ चा, म्हणजे आलं असेल तर त्याच्या आधीच्या गव्हातनं. असो. हातानं उपटलं तर अंगाला खाज सुटते, काहींना दमा होतो, त्यामुळं उपटायला माणूस मिळत नाही आणि पंप सोपा वाटतो. १९८४ ला बेंगळुरूत मेक्सिकोहून आणलेले भुंगे सोडले, ते पावसाळ्यात पानं फस्त करतात, पण त्यांना वेळ द्यावा लागतो आणि तेवढा धीर कुणाकडं आहे. त्यापेक्षा टू-फोर-डी नाहीतर ग्लायफोसेट ही तण मारायची औषधं, आठ-दहा दिवसांत सगळं पिवळं. ग्लायफोसेटला आपल्याकडं मंजुरी आहे ती चहाच्या मळ्यात आणि बिगरपीक जागेवर, आणि बिगरपीक जागा म्हणजे शेवटी रस्त्याच्या कडा आणि मोकळे प्लॉटच की.

आता पाण्याचं बघा. मातीवर पडलं तर ग्लायफोसेट मातीला धरून बसतं आणि वळवाच्या पावसात मातीबरोबर वाहतं. काँक्रीट आणि पेव्हिंग ब्लॉकवर तर धरून बसायला मातीच नाही, ते सरळ गटारीत जातं. गटार नाल्याला, नाला कृष्णेला, आणि सांगली पाणी पिते ते कृष्णेचंच. शहराचं मैलापाणी कृष्णेत नेणाऱ्या शेरीनाल्याचं भांडण किती जुनं आहे हे इथल्या माणसाला सांगायला नको, पण त्यात आपण कायम मैलापाण्यावरच बोलतो. फिल्टर हाऊसमधली तुरटी आणि वाळू गढूळपणा काढायला असते, पाण्यात विरघळलेलं टू-फोर-डी त्यात नीट अडकत नाही.

बाहेर हा विषय गावपातळीवरनंच वर गेला. कॅनडात क्युबेकमधल्या हडसन नावाच्या छोट्या गावानं १९९१ ला हिरवळ छान दिसावी म्हणून औषध मारायला बंदी घातली, फवारणीवाल्या कंपन्या कोर्टात गेल्या, आणि २००१ ला तिथल्या सुप्रीम कोर्टानं गावाच्या बाजूनं निकाल दिला. सॅन फ्रान्सिस्कोनं १९९६ ला फक्त शहराच्या मालकीच्या जागेपुरता नियम केला, आणि मला हीच युक्ती जास्त पटते, कारण स्वतःच्या जागेवर औषध कमी करायला कुणाची परवानगी लागत नाही. फ्रान्सनं २०१७ पासनं सार्वजनिक बागा आणि रस्त्यांवर रासायनिक औषधं बंद केली.

आपल्याकडं डासांसाठी गप्पी मासे सोडतातच, गवताला फुलं यायच्या आत हातमोजे घालून उपटणं नाहीतर कटर फिरवणं हे पण कुणाला नवीन नाही. वर ऑक्टोबर २०२२ मधे केंद्रानं अधिसूचना काढली की ग्लायफोसेट फक्त लायसन असलेल्या पेस्ट कंट्रोलवाल्यांनीच मारायचं. मी एकदा एका बागेत पंपवाल्याला विचारलं, तुमच्याकडं लायसन आहे का. तो म्हणाला, औषध आहे ओ, काय होत नाही.