मानसिक उभारी : वजन घटवण्याच्या शस्त्रक्रियेत

बॅरिॲट्रिक, म्हणजे वजन घटवण्याच्या शस्त्रक्रियेतून जाताना ऑपरेशनची धास्ती, झपाट्याने बदलणारे शरीर आणि जन्मभराचे पथ्य पेलण्याची, खचल्यास पुन्हा सावरण्याची क्षमता म्हणजे मानसिक उभारी. ती आणि जिद्द एक नव्हेत. जिद्द माणसाला ऑपरेशन टेबलापर्यंत नेते. उभारीचा खरा कस दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी लागतो.

उभारी फक्त उपजतच असते, हा समज चुकीचा आहे. मानसशास्त्रज्ञ एमी वर्नर यांनी हवाईतील कौआई बेटावर १९५५ साली जन्मलेल्या मुलांचा दीर्घकाळ अभ्यास केला. खडतर परिस्थितीतली जी मुले सावरली, त्यांच्यामागे बहुधा जिव्हाळ्याचे निदान एक माणूस होते. शस्त्रक्रिया करून घेणाऱ्यांच्या बाबतीतही हे लक्षात ठेवण्याजोगे आहे.

स्लीव्ह गॅस्ट्रेक्टॉमी या प्रकारच्या शस्त्रक्रियेत जठराचा सुमारे ७५ ते ८० टक्के भाग काढतात. भूक चेतवणारे घ्रेलिन हे संप्रेरक त्यामुळे घटते आणि पोटाची भूक मंदावते. मन उदास झाले की काहीतरी तोंडात टाकण्याची सवय मात्र तशीच राहते. गॅस्ट्रिक बायपास या दुसऱ्या प्रकारात जठर लहान करून अन्नाची वाट आतड्याच्या पुढच्या भागाकडे वळवतात; त्यानंतर गोड खाल्ले तर काहींना घाम फुटतो, धडधडते, गरगरते. वर्षानुवर्षे ज्या घासाने दुःख हलके केले, तोच घास आता चालत नाही. ही पोकळी कशाने भरायची, हा प्रश्न ऑपरेशनपूर्वीच विचारायला हवा. काही जण दारूकडे वळतात. अमेरिकेतील २०१२ च्या एका मोठ्या अभ्यासात शस्त्रक्रियेनंतरच्या दुसऱ्या वर्षी दारूच्या समस्या वाढलेल्या आढळल्या, बायपास झालेल्यांत त्या अधिक होत्या. वजनही पहिल्या वर्ष-दीड वर्षात वेगाने उतरते, मग थांबते, काहींचे थोडे परत चढते. ‘आपलंच चुकलं’ ही टोचणी इथे सुरू होते. त्यामागे शरीराची स्वतःची यंत्रणाही असते, हे रुग्णाला कोणीतरी स्पष्ट सांगायला हवे.

मुंबईत लठ्ठपणाचा अपमान रोजचा असतो. लोकलमध्ये तीन जणांच्या बाकावर ‘फोर्थ सीट’ मागताना आधी माणसांच्या नजरा झेलाव्या लागतात. वजन उतरल्यावर तीच माणसे सहज सरकून जागा देतात आणि आनंदाबरोबर रागही येतो: माणूस तर मीच होते ना? सैल पडलेली त्वचा, ‘आजारी आहेस का?’ ही विचारणा, यांनीही मन दुखावते.

मराठी घरात आणखी एक अडचण म्हणजे आग्रह. ‘एक तरी मोदक घे गं’ म्हणणाऱ्या मावशीच्या प्रेमाला नाही म्हणणे सोपे नसते. म्हणून समुपदेशनाला घरच्यांनाही बसवावे. सुरुवातीचे आठवडे वरणाचे पाणी, ताक, मुगाचे कढण घरात सगळ्यांनीच घेतले, तर रुग्णाला पंगतीतून उठवल्यासारखे वाटत नाही. पाणी जेवताना न पिता मधल्या वेळेत घोट घोट प्यायचे असते. विरार-चर्चगेट प्रवास त्याला सोयीचा पडतो. बी-१२, लोह, कॅल्शियम यांच्या गोळ्या मात्र आयुष्यभर चुकवायच्या नाहीत.

शस्त्रक्रियेआधी मानसिक तपासणी होते, तिला अनेक जण परीक्षा समजून घाबरतात आणि नैराश्य लपवतात. तपासणीचा हेतू बहुतेकदा नापास करण्याचा नसून आधाराची गरज ओळखण्याचा असतो. पुढेही मन खचू लागले, तर ‘टेलि-मानस’ या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीच्या १४४१६ या निःशुल्क क्रमांकावर मराठीतून बोलता येते.