'अप'ला इंग्रजीत सगळ्यात जास्त अर्थ? तसं नाहीये

"इंग्रजीत सगळ्यात जास्त अर्थ 'अप' या शब्दाला" हा मेसेज कितीतरी वर्षं फिरतोय, आणि वाचताना पटतोही, कारण वेक अप, शट अप, गिव्ह अप... यादी संपतच नाही. पण 'गिव्ह अप' म्हणजे नाद सोडणं, हा अर्थ एकट्या 'अप'चा नाही, जोडीचा आहे, म्हणून डिक्शनरीत तो 'गिव्ह'खाली सापडतो. खरे दादा शब्द म्हणजे रन, सेट, टेक. 1989 च्या 20 खंडी ऑक्सफर्ड इंग्रजी डिक्शनरीत नुसत्या 'सेट' क्रियापदाचे 400 हून जास्त अर्थ दिलेत! कुठलीही जाडजूड डिक्शनरी उघडा, 'अप' किती जागा खातो बघा, मग 'रन' काढा (पानं उलटतच बसाल). दोन अक्षरी शब्दांत तरी 'अप' पहिला असेल म्हणाल, तर 'गो' (go) पण इंग्रजीत दोनच अक्षरी आहे की, आणि त्याचे अर्थ 'अप'पेक्षा जास्त.