नेपेंथिस घटपर्णीचं ओलं बी फ्रिजमध्ये ठेवायचं नसतं

‘घटपर्णीचं बी ओलं करून महिनाभर फ्रिजमध्ये ठेवल्याशिवाय रुजत नाही’ हा सल्ला वर्षानुवर्षं फिरतो आहे. घटपर्णी म्हणजे घटासारख्या पानांत कीटक पकडणारी वनस्पती. तिच्या सारासेनिया या प्रकारासाठी हा सल्ला बरोबर आहे. उत्तर अमेरिकेतल्या या वनस्पतीच्या बियांना हिवाळा लागतो, म्हणून ओलसर मॉसमध्ये (शेवाळात) २ ते ५ अंशांवर चार-सहा आठवडे ठेवतात. नेपेंथिस हा घटपर्णीचा दुसरा प्रकार मात्र उष्ण प्रदेशातला. मेघालयातली आपली नेपेंथिस खासियाना त्यातलीच. तिच्या बियांना थंडीची गरज नसते; ओलं बी गारठ्यात ठेवलं तर नुसतं कुजतं. कोरडं बी हवाबंद पुडीत फ्रिजमध्ये साठवणं वेगळं. गोंधळ बहुधा इथेच होतो.

नेपेंथिसचं बी दोऱ्यासारखं बारीक आणि अल्पायुषी असतं. न रुजण्याचं नेहमीचं कारण म्हणजे जुनं बी, त्यामुळे ताजंच मिळवा. बारीक चिरलेलं स्फॅग्नम मॉस, किंवा पीट (दलदलीतलं अर्धवट कुजलेलं शेवाळ) आणि परलाइट (हलके पांढरे खनिज दाणे) समप्रमाणात घ्या. बी वर पसरा, पुरू नका. त्याला उजेड हवा. पाणी पावसाचं किंवा आरओचं. नळाच्या पाण्यातले क्षार रोपांना मारतात. कोकोपीटही (नारळाच्या काथ्याचा भुसा) नीट न धुता वापरलं तर तोच त्रास. पारदर्शक डबा झाकून २२ ते २८ अंशांत, भरपूर पण थेट उन्हाविना उजेडात ठेवा. बुरशी दिसली तर झाकण रोज थोडा वेळ उघडा. खत अजिबात नको.

कोंब यायला एक ते दोन महिने, कधी जास्तही लागतात. तोवर माती उकरून पाहू नका! बीजपत्रांनंतरच्या पहिल्या पानांनाच टाचणीच्या डोक्याएवढे घट येतात.