दोन कायदे: एक क्वेकरांचा, एक बार्बेरीचा

अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्सच्या विधिमंडळाने साधारण शंभर वर्षांच्या अंतराने दोन कायदे केले. १६५८ चा कायदा क्वेकर या ख्रिस्ती पंथाच्या माणसांना वसाहतीतून घालवण्यासाठी होता, १७५५ चा बार्बेरी नावाचं काटेरी झुडूप मुळासकट काढण्यासाठी. वरवर दोन्हींचा सूर सारखाच वाटतो: नको असलेलं काहीतरी आपल्या जमिनीत शिरलंय, पसरायच्या आत काढा. आक्रमक वनस्पतींचा विषय निघाला की आजही ही गल्लत हमखास होते. कुणी म्हणतं, बाहेरची झाडं हटवणं म्हणजे परक्यांचा द्वेषच. कुणी उलट माणसांच्या एखाद्या समूहालाच तण ठरवून मोकळं होतं. दोन्ही चूक आहे, आणि का चूक आहे ते हे दोन कायदे शेजारी ठेवले की कळतं.

आधी माणसांचं. १६२० मध्ये मेफ्लॉवर जहाजातून प्लिमथला उतरलेले पिलग्रिम वेगळे आणि १६३० मध्ये जॉन विन्थ्रॉपबरोबर येऊन बॉस्टनच्या परिसरात वसलेले प्युरिटन वेगळे. पिलग्रिमांनी इंग्लंडच्या चर्चशी संबंध तोडले होते, प्युरिटनांना तेच चर्च शुद्ध करायचं होतं. इथे प्रश्न प्युरिटनांचा आहे. इंग्लंडमध्ये त्यांना त्रास झाला हे खरं. पण ज्याला जो धर्म हवा तो त्याने पाळावा, असं त्यांचं म्हणणं कधीच नव्हतं. त्यांना स्वतःच्या मते खरा असलेला धर्म निर्वेध पाळायचा होता. धर्माच्या बाबतीत सरकारने शिक्षा करू नये असं सांगणाऱ्या रॉजर विल्यम्सला १६३५ मध्ये हद्दपारीची शिक्षा झाली. पुढच्या जानेवारीत तो बर्फातून निसटला आणि त्याने शेजारच्या ऱ्होड आयलंडमध्ये प्रॉव्हिडन्स हे गाव वसवलं. घरी लोकांना जमवून पाद्र्यांच्या प्रवचनांची चिकित्सा करणाऱ्या ॲन हचिन्सनवर १६३७ मध्ये खटला झाला. तीही ऱ्होड आयलंडकडे गेली.

क्वेकरांच्या वाट्याला याहून वाईट आलं. जुलै १६५६ मध्ये मेरी फिशर आणि ॲन ऑस्टिन या दोघी बार्बाडोसहून बॉस्टनला पोचल्या. क्वेकरांविरुद्ध स्वतंत्र कायदा तोवर झालाही नव्हता. तरी त्यांना कोठडीत टाकलं, पुस्तकं जाळली, चेटकिणीच्या खुणा शोधायला कपडे उतरवून त्यांचं अंग तपासलं आणि सुमारे पाच आठवड्यांनी परत पाठवलं. त्याच ऑक्टोबरात कायदा आला: क्वेकरांना जाणूनबुजून आणणाऱ्या जहाजाच्या कप्तानाला १०० पौंड दंड. १६५७ मध्ये शिक्षा वाढली. बंदी असूनही आलेल्या पुरुषाचा पहिल्या वेळी एक कान कापायचा, दुसऱ्या वेळी दुसरा, आणि तिसऱ्या वेळी तापल्या लोखंडाने जीभ भोसकायची. १६५८ मध्ये हद्दपार होऊन परत आलेल्याला फाशी. तरी ते परत आले. २७ ऑक्टोबर १६५९ ला विल्यम रॉबिन्सन आणि मार्मड्यूक स्टीव्हन्सन यांना फाशी दिली. त्याच दिवशी फासापर्यंत नेलेल्या मेरी डायरला ऐन वेळी सोडलं. ती पुन्हा आली, १ जून १६६० ला तिलाही लटकवलं. विल्यम लेड्रा या क्वेकराला फाशी झाली ती मार्च १६६१ मध्ये. त्याच वर्षी इंग्लंडचा राजा दुसरा चार्ल्स याचा हुकूम आला आणि फाशी थांबली.

या लोकांनी केलं काय होतं? प्रत्येकाच्या अंतरात ईश्वराचा प्रकाश असतो, पाद्र्याची मध्यस्थी लागत नाही, असं ते मानत आणि उघड सांगत. अधिकाऱ्यासमोर टोपी काढत नसत. काही जण चालू प्रवचनात उठून बोलत, त्याचा त्रास होई हेही मान्य. पण कुणाचं पीक बुडालं नाही, कुणाचा जीव गेला नाही.

तणाची उपमा या वादात आधीपासूनच होती. मत्तयाच्या शुभवर्तमानात गहू आणि निदणाचा दृष्टांत आहे. शेतात शत्रूने निदण पेरलं, चाकर विचारतात उपटू का, आणि मालक म्हणतो, नको, त्याबरोबर गहूही उपटला जाईल, कापणीपर्यंत दोन्ही वाढू द्या. विल्यम्सने १६४४ मध्ये लंडनला छापलेल्या ग्रंथात हाच आधार घेतला. ते शेत म्हणजे हे जग, त्यात चुकीच्या मतांनाही राहू द्यायचं, निवाडा ईश्वर करेल. बॉस्टनचे पाद्री जॉन कॉटन यांना हे पटत नव्हतं. नीट समजावूनही जो ऐकत नाही तो स्वतःच्याच सदसद्विवेकाविरुद्ध वागतो, म्हणून त्याला केलेली शिक्षा हा छळ नाही, असा त्यांचा युक्तिवाद. मला हा युक्तिवाद सगळ्यात भयंकर वाटतो. यात समोरच्याला खरं उत्तर देण्याची सोयच उरत नाही. त्याचं न पटणं हाच त्याच्या अपराधाचा पुरावा होतो.

आता झुडूप. बार्बेरी हे आपल्या दारुहळदीच्या कुळातलं. इंग्रज वसाहतवाल्यांनी ते मुरंब्यासाठी, पिवळ्या रंगासाठी आणि कुंपणासाठी आणलं. पक्ष्यांनी फळं खाल्ली, बिया रानोमाळ गेल्या. लवकरच शेतकऱ्यांच्या लक्षात आलं की बार्बेरीजवळचा गहू तांबेरा या रोगाने जळतो. कनेक्टिकटने १७२६ मध्ये कायदा केला, मॅसॅच्युसेट्सने १७५५ मध्ये. मॅसॅच्युसेट्सच्या कायद्यात कारण सुरुवातीलाच दिलं आहे: गहू आणि इतर ‘इंग्रजी धान्या’चं या झुडपामुळे नुकसान होतं असं अनुभवाने आढळलंय. जमीनमालकांना १७६० च्या जूनपर्यंत मुदत दिली होती. शेतकऱ्यांचं हे निरीक्षण बरोबर होतं, हे जर्मन शास्त्रज्ञ आंतोन द बारी यांनी १८६५ मध्ये सिद्ध केलं. तांबेऱ्याची बुरशी आयुष्यचक्राचा एक टप्पा बार्बेरीच्या पानावर पुरा करते आणि तिथून गव्हावर जाते.

बार्बेरी बाहेरून आलेली होती, पण गहूही बाहेरूनच आलेला होता. कायद्याने एका परक्याला दुसऱ्या परक्यासाठी हटवलं, कारण नुकसान दिसत होतं आणि कुणालाही शेतात जाऊन पडताळता येत होतं. क्वेकर तर परके नव्हतेच. ते इंग्रजच होते, इंग्रजीच बोलत, बायबलच वाचत. म्हणजे ‘परकेपणा’ने यातला एकही कायदा समजत नाही. शिवाय झुडपाला मत नसतं, ते उपटल्याने कुणाचं म्हणणं दाबलं जात नाही.

आपल्याकडेही हेच. मिरची, बटाटा, पेरू अमेरिका खंडातून आले आणि आपले झाले. १९५५ मध्ये पुण्यात पहिल्यांदा नोंदलं गेलेलं गाजर गवतही तिकडचंच. ते उपटायचं कारण त्याचा मुलूख नाही. त्याने त्वचेचे आणि श्वासाचे विकार होतात, चराईची गायरानं ओसाड होतात. ते खाऊन संपवायला त्यावर सोडतात तो भुंगाही मेक्सिकोचाच.

नुकसानही प्रत्येक ठिकाणी तपासून पाहावं लागतं. आग्र्याचे वनस्पतिरोगतज्ज्ञ करम चंद मेहता यांनी विसाव्या शतकात दाखवून दिलं की भारतात तांबेऱ्याच्या साथीला हिमालयातली बार्बेरी जबाबदार नाही. इथे बुरशी डोंगराळ भागातल्या गव्हावर टिकून राहते, दक्षिणेत निलगिरी आणि पळणीच्या डोंगरांवर, आणि तिथून वाऱ्याबरोबर खाली येते. त्यामुळे इथे दारुहळद उपटण्याचं कारणच नव्हतं. अमेरिकेत उलट घडलं. तांबेरा न धरणारी म्हणून जुन्या बार्बेरीच्या जागी लोकांनी जपानी बार्बेरी लावली. ती रानात घुसली, आणि आज मॅसॅच्युसेट्समध्ये तिच्या विक्रीवर बंदी आहे.

ऱ्होड आयलंडच्या नोंदी मला यात फार महत्त्वाच्या वाटतात. १६५७ मध्ये शेजारच्या वसाहतींनी क्वेकरांना हाकलायला सांगितलं तेव्हा तिथल्या सरकारने लेखी नकार दिला. जिथे त्यांना मोकळेपणी बोलू देतात आणि फक्त युक्तिवादाने विरोध करतात, तिथे यायला ते फारसे उत्सुक नसतात, असा अनुभवही कळवला. विल्यम्सला स्वतःला क्वेकरांची शिकवण मुळीच आवडत नव्हती. १६७२ मध्ये वयाच्या सत्तरीच्या आसपास तो त्यांच्याशी जाहीर वाद घालायला गेला, पण त्यांच्यावर बंदी आणा असं त्याने म्हटलं नाही. याच ऱ्होड आयलंडने १७६६ मध्ये बार्बेरी नष्ट करण्याचा कायदा मात्र केला.