घनफुटाचा हिशेब: घट कोणाच्या खात्यावर?

लाकडाच्या वखारीत चौकटीचं सागवान घ्यायला गेलं की मालक कागदावर तीन आकडे मांडतो: रुंदी इंचात, जाडी इंचात, लांबी फुटात. तिन्हींचा गुणाकार करून 144 ने भागायचं, की घनफूट निघाले. सात फुटांचे दोन उभे आणि वर तीन फुटांचा एक आडवा, असा 4 इंच बाय अडीच इंचाचा माल एकूण 17 फूट होतो. 17 गुणिले 4 गुणिले अडीच म्हणजे 170, भागिले 144, म्हणजे सुमारे 1.18 घनफूट. इथपर्यंत सगळं सरळ आहे. पण कापताना उडालेला भुसा, रंध्याखाली गेलेलं सूत-दोन सूत (सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग), सालीजवळचा निरुपयोगी भाग, हे सगळं भरायचं कोणी? लाकूड मोजण्याच्या प्रत्येक जुन्या रीतीत या प्रश्नाचं उत्तर आधीच ठरवून टाकलेलं दिसतं, आणि म्हणून या रीतींचा इतिहास पाहण्यासारखा आहे.

आपल्याकडे हा हिशेब फार जुना. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात मापांचा जो भाग आहे, त्यात नेहमीचा हात 24 अंगुळांचा (अंगुळ म्हणजे बोटाची रुंदी), पण जंगलातल्या लाकडासाठीचा हात तब्बल 54 अंगुळांचा सांगितला आहे. करवतकामाचं माप आणखी निराळं, 42 अंगुळांचं. एकच वस्तू जंगलात एका मापाने आणि कामावर दुसऱ्या मापाने मोजायची पद्धत तेव्हाही होती.

भास्कराचार्यांनी 1150 मध्ये लिहिलेल्या लीलावतीत तर लाकूड चिरण्याच्या गणिताचं वेगळं प्रकरणच आहे, क्रकच-व्यवहार. (चाळीसगावजवळच्या पाटणच्या शिलालेखात, त्यांच्या ग्रंथांच्या अभ्यासासाठी नातू चांगदेव याने मठ काढल्याची नोंद आहे, त्यामुळे हे गणित आपल्या खानदेशात शिकवलं गेलं असणार.) उदाहरण असं: बुंध्याशी जाडी 20 अंगुळं, शेंड्याशी 16, लांबी 100 अंगुळं, आणि करवत चार ठिकाणी चालवायची. दोन्ही जाड्यांची सरासरी 18. तिला 100 ने आणि मग 4 ने गुणायचं, 7200 येतात. 24 चा वर्ग 576, त्याने भागलं की साडेबारा हात. हे घनफळ नव्हे, करवत किती क्षेत्रातून फिरली त्याचं माप आहे, कारण मजुरी त्यावर ठरायची. पुढे ते असंही सांगतात की खरा दर कारागिराशी ठरवून घ्यावा, लाकूड मऊ की कठीण ते पाहून. साग आणि बाभूळ एकाच दराने कोणी चिरून देणार नाही, हे आजच्या सॉ मिलवाल्यालाही पटेल. मला या उदाहरणातली सर्वांत मोलाची गोष्ट वाटते ती सरासरीची: झाड वर निमुळतं होतं, ही गोष्ट विसरून केलेला हिशेब कोणाचं तरी नुकसान करतो.

युरोपात हाच प्रश्न दुसऱ्या अंगाने सुटला. एडवर्ड हॉपस या इंग्रज मापनकाराचं कोष्टकांचं पुस्तक 1736 मध्ये लंडनला निघालं. त्यातली रीत दोरीने करता येते. ओंडक्याच्या मध्यावर दोरी गुंडाळायची, घेर घ्यायचा, दोरी दोनदा दुमडायची. हाती आलेला चौथा हिस्सा ही चौकोनाची बाजू समजायची. त्याचा वर्ग गुणिले लांबी, झालं घनफळ. 48 इंच घेर आणि 10 फूट लांबीचा ओंडका घ्या. चौथा हिस्सा 12 इंच, म्हणजे एक फूट, आणि घनफळ 10 घनफूट. वर्तुळाच्या नेमक्या सूत्राने मात्र तोच ओंडका 12.73 घनफूट भरतो. जवळजवळ 21 टक्के लाकूड हिशेबात धरलंच जात नाही.

ही चूक नव्हे. गोल ओंडक्यातून चौकोनी माल काढताना चारी बाजूंची सालपटं जाणारच, ती सूट मोजमापातच धरलेली आहे. घट विकणाऱ्याच्या खात्यावर टाकली आहे, आणि विकणारा ती दरात वसूल करतो. दोघांनाही रीत ठाऊक असेल तोवर व्यवहार चोख राहतो.

योगायोग असा, की 1736 च्याच सुमारास लवजी नसरवानजी वाडिया सुरतेहून मुंबईच्या गोदीत जहाजं बांधायला आले. पुढे वाडियांनी मलबारच्या सागापासून इंग्रजी आरमारासाठी जहाजं बांधली. त्यांपैकी 1817 चं ट्रिंकोमाली आजही इंग्लंडमधल्या हार्टलपूल इथे तरंगतं आहे. आरमाराची ही भूक, आणि नंतर रेल्वेच्या स्लीपरांची, यांमुळे जंगलातलं झाड मोजून नोंदवणं हे सरकारचं काम झालं. मुंबई इलाख्यात 1847 मध्ये डॉ. अलेक्झांडर गिब्सन हे जंगलांचे संरक्षक नेमले गेले, आणि 1864 मध्ये डिट्रिच ब्रँडिस हिंदुस्थानचे पहिले वनमहानिरीक्षक झाले. घेराच्या चौथ्या हिश्श्याची रीत भारतीय वनखात्याच्या कामात रुजली ती अशी.

ओंडके मोजण्यावरून एक राज्यही गेलं. मुंबईत 1863 मध्ये स्थापन झालेल्या बॉम्बे बर्मा ट्रेडिंग कॉर्पोरेशनकडे उत्तर ब्रह्मदेशातल्या सागाच्या जंगलांचे ठेके होते. 1885 मध्ये ब्रह्मी दरबाराने आरोप केला, की कंपनीने दाखवले त्यापेक्षा कितीतरी जास्त ओंडके बाहेर काढले. दंड सुमारे 23 लाख रुपयांचा झाला. फ्रेंचांशी ब्रह्मदेशाची जवळीक इंग्रजांना आधीच खुपत होती, हे निमित्त त्यांना पुरलं. नोव्हेंबरात युद्ध होऊन थिबा राजा कैद झाला, 1886 मध्ये रत्नागिरीला आणला गेला आणि डिसेंबर 1916 मध्ये तिथेच वारला. त्याच्यासाठी बांधलेला थिबा पॅलेस पाहायला आजही लोक जातात. तिथल्या माहितीत सागाच्या ओंडक्यांचा हा वाद ठळकपणे यायला हवा.

पुढे 1956 च्या कायद्याने देशात मेट्रिक मापं आली. वनखात्याचे लिलाव घनमीटरमध्ये होऊ लागले, विदर्भातल्या बल्लारशा आणि आलापल्लीचं सागवानही त्याच मापाने विकलं जातं. वखारीत मात्र घनफूट राहिला आणि सुताराच्या हातात सूत. माझ्या मते यात हट्ट नाही, सोय आहे: दाराची उंची, चौकटीची जाडी, फळीची रुंदी हे सगळं फूट-इंचांतच बोललं जातं.

अमेरिकेत राहणाऱ्या मराठी माणसाला तिथे बोर्ड फूट भेटतो, तो घनफुटाचा बारावा भाग. तिथली दोन बाय चारची पट्टी प्रत्यक्षात दीड बाय साडेतीन इंच भरते. वाळण्यातली आणि रंध्यातली घट नावातच मुरलेली, म्हणजे गिऱ्हाइकाच्या खात्यावर.

आपल्याकडे चिरलेला माल घेताना म्हणूनच माप रंधा मारण्याआधीचं आहे की नंतरचं, हे दराच्या आधी विचारावं. अडीच इंचाच्या चौकटीची जाडी रंध्यानंतर दोन सूत कमी झाली, तर दहा टक्के लाकूड गेलं. आणि गुजरातच्या कांडला बंदरात उतरलेला परदेशी साग ओंडक्यांत घेत असाल, तर भाव हॉपस घनमीटरचा की नेमक्या घनमीटरचा, हे लिहून घ्यावं. हॉपस मापाचा एक घनमीटर म्हणजे प्रत्यक्षात 1.27 घनमीटर लाकूड. दोन व्यापाऱ्यांचे भाव शेजारी ठेवण्याआधी हा गुणाकार करावाच लागतो.