जाहीरनामा आणि घटनादुरुस्ती : अमेरिकेतली गुलामगिरी नेमकी कशाने संपली?

‘१८६३ साली अब्राहम लिंकनने अमेरिकेतली गुलामगिरी नष्ट केली’ हे वाक्य शाळेच्या वहीपासून स्पर्धा परीक्षांच्या टिपणांपर्यंत सगळीकडे भेटतं. नाव बरोबर, साल बरोबर, तरीही वाक्य चूक. १ जानेवारी १८६३ रोजी निघाला तो मुक्तीचा जाहीरनामा. तो निघाल्यावरही केंटकीत किंवा डेलावेअरमध्ये माणूस विकणं पूर्णपणे कायदेशीर होतं. गुलामगिरी देशभर बेकायदा ठरली ती डिसेंबर १८६५ मध्ये, तेराव्या घटनादुरुस्तीने. दोन्ही कागद वेगळ्या अधिकारातून निघाले आणि वेगळ्या प्रदेशांना लागू झाले. वर्गात ते एकमेकांत मिसळले की मधली तीन वर्षं पुसली जातात, आणि त्यांच्यासोबत स्वतःच्या पायांनी चालत जाऊन आपली सुटका करून घेणारी माणसंही. मुलांच्या मनात उरतो एक दयाळू राष्ट्राध्यक्ष आणि त्याची एक सही.

आधी जाहीरनामा बघू. १८६० च्या जनगणनेनुसार अमेरिकेत जवळपास ४० लाख माणसं गुलामगिरीत होती आणि १५ राज्यांत गुलामगिरी कायदेशीर होती. त्यांतली ११ राज्यं संघराज्यातून फुटली आणि यादवी युद्ध पेटलं. पण केंटकी, मिसुरी, मेरीलँड आणि डेलावेअर ही चार राज्यं गुलामगिरी राखूनही लिंकनच्या बाजूला राहिली. पेच इथेच होता. गुलामगिरी राज्यांच्या कायद्यावर उभी होती आणि शांततेच्या काळात एखाद्या राज्याचा असा कायदा रद्द करण्याचा अधिकार राष्ट्राध्यक्षाला नव्हता. त्यात १८५७ च्या ड्रेड स्कॉट निकालात सर्वोच्च न्यायालयाने सांगून टाकलं होतं की अजून राज्य न बनलेल्या नव्या प्रदेशांतसुद्धा काँग्रेसला, म्हणजे अमेरिकेच्या संसदेला, गुलामगिरीवर बंदी घालता येणार नाही. लिंकनच्या हातात एकच अधिकार उरत होता, युद्धकाळातल्या सरसेनापतीचा. शत्रूचं बळ तोडण्यासाठी सेनापती जे करू शकतो, ते त्याला करता येत होतं.

म्हणून जाहीरनाम्यात स्वतःची ओळख ‘युद्धासाठी आवश्यक उपाय’ अशीच करून दिली आहे. १७ सप्टेंबर १८६२ ला अँटिएटमची रक्तरंजित लढाई झाली आणि पाच दिवसांनी प्राथमिक जाहीरनामा निघाला. बंडखोर राज्यांना १ जानेवारीपर्यंत मुदत होती. तोवर परतलं असतं, तर त्या राज्याची गुलामगिरी शाबूत राहिली असती. एकही राज्य परतलं नाही.

अंतिम जाहीरनामा वाचायला घेतला की विद्यार्थी पहिल्यांदा चकित होतात ते त्यातल्या यादीने. बंडखोर राज्यांची नावं येतात आणि लगेच वगळलेल्या भागांची मोजणी सुरू होते. लुइझियानातले न्यू ऑर्लीन्ससह १३ परगणे वगळले, व्हर्जिनियातले पश्चिमेकडचे ४८ जिल्हे आणि शिवाय आणखी सात वगळले. टेनेसीचं नाव तर बंडखोर राज्यांच्या यादीतच नाही. संघराज्याच्या बाजूच्या चार राज्यांचा तर प्रश्नच नव्हता, कारण ती शत्रू नव्हती. म्हणजे जिथे लिंकनच्या सरकारचा हुकूम चालत होता, त्यातल्या बहुतेक ठिकाणी हा कागद लागूच नव्हता. नकाशा आणि रंगीत पेन्सिली देऊन मुलांना ही यादी रंगवायला सांगावी. कुठलंही व्याख्यान देऊ शकणार नाही इतकं तो नकाशा सांगतो.

मात्र नकाशा रंगवून झाला की हमखास दुसरी चूक होते आणि ती हुशार मुलं करतात. ‘म्हणजे जाहीरनाम्याने एकही माणूस सुटला नाही, सगळा देखावा होता.’ हेही खरं नाही. दक्षिण कॅरोलायनाच्या किनाऱ्यावरची सी आयलंड्स ही बेटं नोव्हेंबर १८६१ पासून संघराज्याच्या फौजेच्या ताब्यात होती आणि ती वगळलेल्या यादीत नव्हती. तिथली हजारो माणसं त्याच दिवशी कायद्याने मुक्त झाली. ब्युफर्टजवळच्या छावणीत १ जानेवारीला जाहीरनामा मोठ्याने वाचला गेला तेव्हा समोर कृष्णवर्णीय सैनिक आणि त्यांची कुटुंबं उभी होती, आणि कुणी न सांगता त्यांनीच देशाचं गाणं म्हणायला सुरुवात केली. फौज जसजशी पुढे सरकली तसतसा कागदही पुढे सरकला. २ जून १८६३ च्या पहाटे, स्वतः गुलामगिरीतून पळून आलेल्या हॅरिएट टबमनच्या मार्गदर्शनाखाली कंबाही नदीतून गनबोटी गेल्या आणि एका मोहिमेत ७०० हून अधिक माणसं मळ्यांवरून सुटली.

आणखी एक गोष्ट त्या कागदात होती, जी पाठ्यपुस्तकांत एका ओळीत उरकली जाते. मुक्त झालेल्या पुरुषांना फौजेत घेतलं जाईल, असं त्यात स्पष्ट लिहिलं होतं. युद्ध संपेपर्यंत सुमारे १ लाख ८० हजार कृष्णवर्णीय सैनिक संघराज्याच्या भूदलात दाखल झाले होते. त्यांतले बहुसंख्य गुलामगिरीतून आलेले होते. जाहीरनाम्याला जे बळ आलं त्यातलं केवढं तरी या माणसांच्या बंदुकांचं होतं.

आणि ही वाट लिंकनच्याही आधी गुलामगिरीतल्या माणसांनीच पाडली होती. मे १८६१ मध्ये, म्हणजे जाहीरनाम्याच्या दीड वर्षाहून अधिक आधी, फ्रँक बेकर, शेपर्ड मॅलरी आणि जेम्स टाउनसेंड हे तिघे व्हर्जिनियातल्या, पण संघराज्याच्या ताब्यात असलेल्या फोर्ट मन्रो किल्ल्यावर येऊन थडकले. मालकाने त्यांना बंडखोरांची तटबंदी बांधायला जुंपलं होतं. किल्ल्याचा सेनापती बेंजामिन बटलर पेशाने वकील. पळालेले गुलाम परत करण्याचा कायदा तेव्हा जिवंत होता, पण व्हर्जिनिया स्वतःला परका देश म्हणवते, तर आमच्या देशाचा कायदा तिच्या कामी कसा येईल, असा मुद्दा काढून त्याने तिघांना युद्धात जप्त केलेला शत्रूचा माल म्हणून ठेवून घेतलं. माणसाला माल ठरवूनच त्याची सुटका करायची, ही त्या व्यवस्थेतली भयंकर विसंगती वर्गात थांबून समजावण्यासारखी आहे. बातमी पसरली आणि तिघांमागून शेकडो लोक किल्ल्याकडे निघाले. त्यानंतर काँग्रेसने १८६१ आणि १८६२ मध्ये बंडखोरांची मालमत्ता जप्त करण्याचे कायदे केले, आणि जाहीरनामा आला तो त्यानंतर. हा क्रम शिकवला नाही तर सगळं वरून खाली आल्यासारखं वाटतं.

जाहीरनामा आणि घटनादुरुस्ती यांच्यातल्या फटीत माणसं कशी चिरडली गेली हे समजायचं असेल तर केंटकीतल्या कॅम्प नेल्सन या संघराज्याच्या लष्करी छावणीकडे जायला हवं. मला स्वतःला या सगळ्या इतिहासात इतकी शिकवण्याजोगी जागा दुसरी माहीत नाही. केंटकी संघराज्याच्या बाजूचं राज्य, म्हणून जाहीरनामा तिथे लागू नाही. पण १८६४ मध्ये तिथल्या गुलामांना फौजेत घ्यायला सुरुवात झाली आणि भरती होणारा पुरुष स्वतंत्र ठरू लागला. २३ हजारांहून अधिक पुरुष केंटकीतून भरती झाले. त्यांच्या बायका-मुलांना मात्र कुठलाच कायदा लागू नव्हता. नवरा संघराज्याचा गणवेश घातलेला स्वतंत्र सैनिक आणि त्याची बायको त्याच संघराज्यातल्या केंटकीच्या कायद्याने कुणाची तरी मालमत्ता. मालक सूड उगवत, म्हणून कुटुंबं सैनिकांच्या मागोमाग छावणीवर येत आणि आडोशाला झोपड्या घालून राहत.

नोव्हेंबर १८६४ च्या अखेरीस, कडाक्याच्या थंडीत, छावणीच्या अधिकाऱ्याने या कुटुंबांना हाकलून द्यायचा हुकूम काढला. सुमारे ४०० बायका-मुलांना बाहेर काढून झोपड्या पाडल्या-जाळल्या गेल्या. त्यांतली १०२ माणसं मरण पावली. जोसेफ मिलर नावाच्या सैनिकाचा शपथेवरचा जबाब उपलब्ध आहे. भरती झालास तर कुटुंबाला आसरा मिळेल, असं त्याला सांगितलं होतं. त्याचा सात वर्षांचा मुलगा आजारी होता. थंडीने मरेल, असं त्याने पहाऱ्यावरच्या शिपायाला विनवून सांगितलं, तरी सगळ्यांना गाडीत चढवलं गेलं. रात्री तो निकोलसव्हिलपर्यंत चालत गेला तेव्हा मूल मेलेलं होतं. त्याला रात्रीच छावणीत परतावं लागलं. सकाळी तो पुन्हा चालत गेला, त्याने स्वतः खड्डा खणला आणि मुलाला पुरलं. हे घडलं तेव्हा मुक्तीचा जाहीरनामा निघून जवळजवळ दोन वर्षं झाली होती.

ही हकिकत देशभर पोचली, संताप उसळला, हुकूम फिरवावा लागला. ३ मार्च १८६५ ला काँग्रेसने ठराव करून सैनिकांच्या बायका-मुलांना स्वतंत्र ठरवलं. विद्यार्थ्यांना ‘१८६३’ हे उत्तर पाठ करायला लावताना आपण जोसेफ मिलरला खोटं पाडत असतो. मला हे फार लागतं.

आता घटनादुरुस्ती. ती का लागली, याचं एक कारण कॅम्प नेल्सन दाखवतोच. दुसरं कारण कायद्याचं आहे. जाहीरनामा युद्धाच्या अधिकारावर उभा होता, मग युद्ध संपल्यावर न्यायालय त्याचं काय करेल? पुढचा राष्ट्राध्यक्ष तो मागे घेऊ शकेल का? शिवाय जाहीरनाम्याने विशिष्ट प्रदेशातली माणसं मुक्त केली होती, पण गुलामगिरी ठेवण्याची मुभा देणारे राज्यांचे कायदे रद्द केले नव्हते. एखाद्या राज्याने पुढे ती प्रथा पुन्हा उभी केली असती तर अडवणारं काही नव्हतं. घटनादुरुस्तीने प्रथाच संपवली, मालक कुठल्याही राज्यातला असो, संघराज्याशी एकनिष्ठ असो की बंडखोर.

ती सहजी मंजूर झाली नाही. सिनेटने ८ एप्रिल १८६४ ला मान्यता दिली, पण जूनमध्ये प्रतिनिधिगृहात दोन तृतीयांश मतं पडली नाहीत. त्या वर्षी लिंकन पुन्हा निवडून आला आणि ३१ जानेवारी १८६५ ला ती ११९ विरुद्ध ५६ मतांनी पार पडली, गरजेपेक्षा दोनच मतं जास्त. त्यामागे स्त्रियांच्या संघटनेने घरोघर फिरून गोळा केलेल्या सुमारे ४ लाख सह्यांचा अर्जही होता. मग राज्यांची संमती. ३६ पैकी २७ राज्यं हवी होती, सत्ताविसावं जॉर्जिया ठरलं, ६ डिसेंबर १८६५ ला. लिंकनची हत्या एप्रिलमध्येच झाली होती, म्हणजे ज्याच्या नावावर आपण गुलामगिरीचा शेवट लिहितो त्याने तो पाहिलाच नाही. डेलावेअर आणि केंटकी या दोन राज्यांनी दुरुस्ती नाकारली होती, आणि तिथली गुलामगिरी संपली ती बाकीच्या राज्यांच्या संमतीमुळे.

या गोंधळात १९ जून १८६५ ही तिसरी तारीख अलीकडे भर घालते. त्या दिवशी टेक्सासमधल्या गॅल्व्हस्टनला जनरल ग्रेंजरने मुक्तीचा हुकूम जाहीर केला. २०२१ पासून तो दिवस अमेरिकेत राष्ट्रीय सुट्टीचा आहे. तो जाहीरनाम्याच्या अंमलबजावणीचा दिवस आहे. त्यानंतरही केंटकी आणि डेलावेअर जवळपास सहा महिने वाट पाहत होते.

घटनादुरुस्ती व्यापक आणि कायमची, पण तिच्यातही एक पळवाट आहे. गुलामगिरी वा सक्तीची चाकरी देशात असणार नाही, ‘रीतसर दोषी ठरलेल्या गुन्ह्याची शिक्षा म्हणून असेल ती सोडून’. हे शब्द १७८७ च्या जुन्या वटहुकुमातून उचललेले होते. दक्षिणेतल्या पूर्वीच्या बंडखोर राज्यांना ते चांगलेच उपयोगी पडले. मिसिसिपीने नोव्हेंबर १८६५ मध्येच कायदे केले. कृष्णवर्णीय माणसाकडे कामाचा लेखी पुरावा हवा, नाहीतर तो भटक्या म्हणून गुन्हेगार. दंड भरता आला नाही की जो कुणी तो भरेल त्याच्याकडे राबायचं. पुढे कितीतरी राज्यांनी कैदी खाणींना, रेल्वेला, मळ्यांना भाड्याने दिले. अलाबामात ही पद्धत १९२८ पर्यंत चालली.

महाराष्ट्राचा या दुरुस्तीशी एक थेट धागा आहे. जोतीराव फुले यांनी ‘गुलामगिरी’ १८७३ साली, म्हणजे दुरुस्तीनंतर आठ वर्षांनी प्रसिद्ध केली आणि ती अमेरिकेतल्या सदाचारी लोकांना अर्पण केली, आपल्या देशबांधवांनी शूद्रांच्या मुक्तीसाठी त्यांचा कित्ता गिरवावा या इच्छेने. अर्पणपत्रिकेत लिंकनचं नाव नाही, लोकांचा उल्लेख आहे. आपल्या घटनेचा तेविसावा अनुच्छेद वेठबिगारीला मनाई करतो, तरी वेठबिगारी निर्मूलनाचा कायदा यायला १९७६ उजाडलं. घटनेतला शब्द आणि माणसाच्या आयुष्यात झालेला बदल यांतलं अंतर इथल्या मुलांना समजायला त्यामुळे जड जाऊ नये.

अमेरिकेत त्या पळवाटेवरचा वाद अजून चालू आहे. काही राज्यांच्या स्वतःच्या घटनांतही तसेच शब्द होते. २०१८ मध्ये कोलोरॅडोच्या मतदारांनी ते काढून टाकले, २०२० मध्ये नेब्रास्का आणि युटाने, २०२२ मध्ये अलाबामा, ओरेगन, टेनेसी आणि व्हरमाँटने. २०२४ मध्ये नेव्हाडाने होकार दिला आणि कॅलिफोर्नियाने कैद्यांवरची कामाची सक्ती उठवण्याचा प्रस्ताव फेटाळला. संघराज्याच्या घटनेतला मजकूर अजून १८६५ चाच आहे.